मामाचा आजार भाच्याला

दुधाचा दात पडल्यावर दोन-दोन दिवस रक्त थांबत नाही, रांगणाऱ्या मुलाचा गुडघा काही लागलं नसताना सुजतो, लस टोचलेल्या जागी मोठी काळीनिळी गाठ येते. अशा मुलाला घेऊन आलेल्या आईबापांना रक्तविकारतज्ज्ञ जे पहिले प्रश्न विचारतात, त्यांत वडिलांच्या घराण्याविषयी फारसं काही नसतं. मुलाच्या मामाला असा त्रास होता का? एखादा मावसभाऊ लहानपणीच गेला का? आईच्या वडिलांचे सांधे आखडलेले होते का? घरची मंडळी मात्र काका, चुलतभाऊ, वडिलांकडचे आजोबा कसे धडधाकट आहेत हेच सांगत राहतात. हिमोफिलियाचा माग काढताना त्या माहितीचा उपयोग जवळजवळ शून्य असतो.

हिमोफिलिया, ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता, लाल-हिरवं रंगांधत्व, हंटर सिंड्रोम, ब्रुटन यांनी 1952 मध्ये वर्णन केलेली प्रतिकारशक्तीची उणीव. लक्षणं पाहिली तर यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. एकात रक्त गोठत नाही, दुसऱ्यात स्नायू झिजतात, तिसऱ्यात तांबड्या पेशी फुटतात, चौथ्यात सिग्नलचा रंग नीट कळत नाही. पण कुटुंबात उतरण्याची वाट एकच. या वाटेविषयी विज्ञानाला शंभराहून अधिक वर्षं पक्की माहिती आहे. आपल्या घरांत मात्र ती चुकीच्या माणसांपाशी अडकते आणि ज्या स्त्रीला तिची सर्वांत जास्त गरज असते तिच्यापर्यंत पोचतच नाही. हा आढावा लिहावासा वाटला तो त्यामुळे.

आधी मूळ गोष्ट. माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या 23 जोड्या असतात. त्यांतल्या 22 स्त्री-पुरुषांत सारख्याच. उरलेल्या जोडीत स्त्रीकडे दोन एक्स गुणसूत्रं असतात, पुरुषाकडे एक एक्स आणि एक वाय. वाय आकाराने लहान. गर्भाला मुलग्याची घडण देणारं एसआरवाय जनुक आणि आणखी थोडी जनुकं त्यावर आहेत. एक्स मात्र मोठं आहे. प्रथिनं घडवणारी आठशेच्या आसपास जनुकं त्यावर आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांचा लिंगाशी काही संबंध नाही. रक्त गोठवणारे आठवा आणि नववा हे घटक, स्नायूंच्या पेशींना आधार देणारं डिस्ट्रोफिन, डोळ्यातली लाल आणि हिरवा रंग टिपणारी रंगद्रव्यं, या सगळ्यांचे आराखडे एक्सवर आहेत. एखादा आराखडा बिघडला तर स्त्रीला दुसऱ्या एक्सवरची चांगली प्रत सावरून घेते. पुरुषाकडे दुसरी प्रतच नाही. ‘लिंगसंलग्न अप्रभावी’ या जड शब्दांमागे एवढंच आहे.

यातून पुढचं गणित सरळ निघतं. वडील मुलग्याला वाय देतात, मुलीला एक्स. म्हणून हिमोफिलिया असलेल्या पुरुषाचा आजार त्याच्याकडून त्याच्या मुलग्याला जात नाही, आणि त्याची प्रत्येक मुलगी वाहक असते. प्रत्येक, कारण त्याच्याकडे द्यायला दुसरा एक्स नसतोच. वाहक स्त्रीच्या बाबतीत शक्यता निम्मी-निम्मी: तिचा प्रत्येक मुलगा आजारी असण्याची शक्यता निम्मी, प्रत्येक मुलगी वाहक असण्याची शक्यता निम्मी. ही शक्यता दर गरोदरपणी नव्याने उभी राहते, नाणं पुन्हा पहिल्यापासून उडवावं तशी. ‘पहिल्याला झालं, म्हणजे आता दुसरा सुटला’ हा दिलासा अनेक घरांत दिला जातो. त्याला कसलाच आधार नाही.

गुणसूत्र हा शब्दही जन्मला नव्हता तेव्हापासून लोकांना ही वाट दिसत होती. बाबिलोनी तालमूदमध्ये ज्यू धर्मशास्त्र्यांचा निवाडा आहे की एका आईचे आधीचे मुलगे सुंतेनंतर दगावले असतील तर पुढच्याची सुंता करू नये. किती मुलगे गेल्यावर थांबायचं, दोन की तीन, यावर त्यांच्यात मतभेद होता. पण विशेष आहे ती बहिणींची नोंद. सख्ख्या बहिणींपैकी एकीमागून एक तिघींची मुलं अशीच गेली, तेव्हा चौथीला सांगण्यात आलं की तुझ्या मुलाची सुंता करू नकोस. म्हणजे धोका मावश्यांमधून पसरतो हे त्यांनी ओळखलं होतं. बाराव्या शतकात मायमोनिदिस यांनी हा नियम आणखी स्पष्ट केला. मुलगे वेगवेगळ्या नवऱ्यांपासून झालेले असले तरी आई एक असेल तर सवलत लागू. धर्मनियमाच्या भाषेत मांडलेलं हे निरीक्षण आजही बिनचूक आहे.

1803 मध्ये फिलाडेल्फियाच्या जॉन ओट्टो या डॉक्टरांनी न्यू हॅम्पशायरमधल्या एका कुटुंबाची हकिगत छापली. सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी तिथे येऊन राहिलेल्या एका स्त्रीपर्यंत त्यांनी आजाराचा माग काढला आणि लिहिलं की रक्तस्राव पुरुषांनाच होतो, स्त्रिया मात्र निरोगी राहून तो मुलांना देतात. 1820 मध्ये जर्मनीत नासे यांनी, आणि रंगांधत्वाबाबत 1876 मध्ये स्वित्झर्लंडचे नेत्रतज्ज्ञ होर्नर यांनी हेच नियमाच्या रूपात मांडलं: आजोबा, त्यांची निरोगी मुलगी, मग नातू. पण असं का घडतं, हे कळायला 1910 साल उजाडावं लागलं. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात टॉमस हंट मॉर्गन यांना लाल डोळ्यांच्या फळमाश्यांत पांढऱ्या डोळ्यांचा एक नर सापडला. त्याच्या वंशजांच्या संकरांतून पांढरा डोळा एक्स गुणसूत्रासोबत प्रवास करतो हे दिसलं. जनुकं गुणसूत्रांवर बसलेली असतात या सिद्धान्ताला पहिला भक्कम पुरावा मिळाला तो या लिंगसंलग्न वाटेवरच.

या विषयावर लिहिताना व्हिक्टोरिया राणीला टाळता येत नाही, आणि टाळूही नये, कारण इतकी तपशिलात नोंदलेली दुसरी वंशावळ नाही. तिच्या नऊ मुलांपैकी लिओपोल्डला हिमोफिलिया होता. 1884 मध्ये तिशीतच पडण्याचं निमित्त होऊन तो गेला. ॲलिस आणि बिआट्रिस या मुली वाहक होत्या. ॲलिसची मुलगी रशियाची सम्राज्ञी झाली आणि 1904 मध्ये तिच्या पोटी आजारी युवराज ॲलेक्सी जन्मला. बिआट्रिसची मुलगी स्पेनची राणी झाली आणि आजार त्या राजघराण्यात गेला. लिओपोल्डच्या दोन मुलांत तर अख्खा नियम सामावला आहे: मुलगा पूर्ण निरोगी, मुलगी वाहक, आणि त्या मुलीचा मुलगा 1928 मध्ये मोटार अपघातानंतरच्या रक्तस्रावाने गेला. व्हिक्टोरियाचा थोरला मुलगा सातवा एडवर्ड निरोगी होता, म्हणून त्याच्यापासून चालत आलेल्या ब्रिटिश राजांमध्ये हा आजार उतरला नाही. रशियाच्या या राजघराण्याच्या, म्हणजे रोमानोव्ह कुटुंबाच्या, अस्थींमधल्या डीएनएची तपासणी होऊन 2009 मध्ये हेही स्पष्ट झालं की हा हिमोफिलिया ‘बी’ होता, नवव्या घटकाच्या जनुकातला बिघाड.

प्रश्न उरतो तो व्हिक्टोरियाकडे हा दोष आला कुठून. तिच्या आईच्या माहेरी आजाराचा मागमूस नाही. वडिलांना आजार नव्हता, पण तिच्या जन्माच्या वेळी ते 51 वर्षांचे होते. सर्वांत संभाव्य उत्तर असं की दोष नव्याने घडला, बहुधा वडिलांच्या शुक्राणूत. आपल्याकडच्या घरांना सर्वांत आधी सांगायला हवी ती गोष्ट इथे आहे.

जे. बी. एस. हाल्डेन यांनी 1935 मध्ये एक साधा, सुंदर युक्तिवाद केला. आयुष्याची शेवटची वर्षं भारतात काढणारे आणि 1964 मध्ये भुवनेश्वरला निवर्तलेले हेच ते हाल्डेन. समाजातल्या सगळ्या एक्स गुणसूत्रांपैकी दोन-तृतीयांश स्त्रियांकडे असतात, एक-तृतीयांश पुरुषांकडे. ज्या आजारात पुरुष मूल होण्याआधीच मरतो, त्यात दर पिढीला दोषी जनुकांचा तिसरा हिस्सा नाहीसा होतो. तरी आजाराचं प्रमाण कमी होत नाही, याचा अर्थ तेवढेच नवे दोष दर पिढीत तयार होत असले पाहिजेत. हिमोफिलियाच्या साधारण एक-तृतीयांश कुटुंबांत पूर्वेतिहास काहीच सापडत नाही, तो यामुळे.

गेल्या तीस वर्षांत यात आणखी भर पडली. तीव्र हिमोफिलिया ‘ए’च्या जवळपास निम्म्या रुग्णांत आठव्या घटकाच्या जनुकाचा एक तुकडा उलटा बसलेला असतो. 1993 मध्ये हे सापडलं. हा उलटफेर बहुतेक वेळा पुरुषाच्या शरीरात, शुक्राणू तयार होताना होतो, कारण तिथे एक्सला जुळवून घ्यायला जोडीदार नसतो आणि त्याचं टोक स्वतःवरच दुमडतं. म्हणजे अनेक घरांत सुरुवात होते ती आईच्या निरोगी वडिलांच्या एका शुक्राणूपासून. त्यांना कधी काही झालं नाही, त्यांच्या मुलीला काही कळलं नाही, आणि नातू आजारी जन्मला. ‘हिच्यामुळे झालं’, ‘हिच्या माहेरचं खोटं आहे’ असं सुनेला ऐकवणाऱ्यांनी हे समजून घ्यायला हवं. कोणता एक्स बीजात जाईल हे कोणीच ठरवत नाही. या आजारांत आईला दोष देणं क्रूर तर आहेच, शास्त्रदृष्ट्याही खोटं आहे. त्याचा परिणामही घातक होतो. दोष लागण्याच्या भीतीने आई आपल्या बहिणींना काही सांगत नाही.

‘वाहक’ म्हटलं की ती स्वतः निरोगी, असं आपण धरून चालतो. तेही अर्धवटच खरं आहे. 1961 मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ मेरी लायन यांनी उंदरांच्या अंगावरच्या ठिपक्यांवरून दाखवलं की मादीच्या प्रत्येक पेशीत दोन एक्सपैकी एक गर्भावस्थेच्या सुरुवातीलाच बंद होतं. कोणतं बंद होईल हे त्या त्या पेशीत यदृच्छेने ठरतं. तिरंगी मांजर जवळजवळ नेहमीच मादी असते, त्याचं कारण हेच. त्यामुळे वाहक स्त्रीचं शरीर दोन तऱ्हेच्या पेशींचं मिश्रण असतं. चांगला एक्स जास्त पेशींत बंद पडला असेल तर आठव्या किंवा नवव्या घटकाची पातळी बरीच खाली येते. अशा बऱ्याच स्त्रियांना पाळीत अंगावरून फार जातं, दात काढल्यावर रक्त थांबत नाही, बाळंतपणानंतर धोक्याचा रक्तस्राव होतो. ‘बायकांना हिमोफिलिया होत नाही’ या समजुतीपोटी त्यांची तपासणीच होत नसे. आता घटकाची पातळी 40 टक्क्यांच्या खाली असलेल्या स्त्रीला वाहक न म्हणता हिमोफिलियाचीच रुग्ण म्हणावं, असं या क्षेत्रातल्या आंतरराष्ट्रीय संघटनेने ठरवलं आहे. म्हणून वाहक असल्याची शंका असलेल्या प्रत्येक स्त्रीची घटकाची पातळी एकदा मोजून घ्यायला हवी, तिला मूल हवं असो वा नसो.

ड्युशेनमध्ये दुःखाचं रूप वेगळं आहे. डिस्ट्रोफिनचं जनुक माणसातलं सर्वांत लांब, वीस लाखांहून अधिक अक्षरांचं, 79 तुकड्यांत विभागलेलं. एवढ्या लांबीत बिघाडाला जागाही जास्त, म्हणून नव्याने घडणारे दोषही जास्त. दर साडेतीन ते पाच हजार मुलग्यांमागे एकाला हा आजार होतो. मूल उशिरा चालायला लागतं, वारंवार पडतं, जिना चढताना कठड्याला धरतं, जमिनीवरून उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकत वर येतं. पोटऱ्या भरदार दिसतात, म्हणून घरचे निर्धास्त असतात. बाराव्या वर्षाच्या सुमारास चालणं थांबतं, पुढे श्वास आणि हृदय यांवर परिणाम होतो. इथे मला सर्वांत जास्त खुपते ती वेळ. निदान बहुधा चार-पाच वर्षांच्या वयात होतं, आणि तोवर धाकटा भाऊ जन्मलेला असतो. अनेकदा रक्तात एसजीपीटी वाढलेलं दिसतं आणि मुलावर यकृताच्या आजाराचे उपचार चालतात. प्रत्यक्षात ते विकर झिजणाऱ्या स्नायूंतून आलेलं असतं. उशिरा चालणाऱ्या मुलग्याची सीपीके ही स्वस्त रक्ततपासणी वेळेवर झाली तर घराला निर्णय घ्यायला वेळ मिळतो. आणखी एक गुंतागुंत आहे. आईच्या रक्तात दोष सापडला नाही तरी तिच्या काही बीजांडांत तो असू शकतो, त्यामुळे पुढच्या गरोदरपणीचा धोका पूर्ण शून्य धरता येत नाही. आणि वाहक आईच्या हृदयाचे स्नायू वयानुसार कमकुवत होऊ शकतात. तिची हृदयतपासणी अधूनमधून व्हायला हवी.

जी-सिक्स-पीडीची कमतरता या गटातली सर्वांत सर्रास आढळणारी. जगभरात 40 कोटींच्या घरात माणसं तिच्यासह जगतात आणि बहुतेकांना आयुष्यभर पत्ता लागत नाही. जिथे मलेरिया पिढ्यान्‌पिढ्या होता तिथे ती जास्त आढळते, कारण अशा तांबड्या पेशींत मलेरियाच्या परजीवीचं नीट फावत नाही. आपल्याकडे पारशी समाजात तिचं प्रमाण मोठं आहे, आदिवासी समाजांतही ती आढळते. 1984 मध्ये एका कोळी कुटुंबात तिचा एक नवा प्रकार नोंदवला गेला आणि त्याला ‘कल्याण’ असं नाव मिळालं. एरवी निरोगी असलेल्या या माणसाला मलेरियावरचं प्रायमाक्विन किंवा कुष्ठरोगावरचं डॅप्सोन दिलं की तांबड्या पेशी फुटू लागतात, लघवी गडद होते, कावीळ दिसते. कपाटातल्या डांबराच्या गोळ्यांमधलं नॅप्थलीनही तेच करतं. त्या गोळ्यांत वर्षभर ठेवलेली जुनी दुपटी बाहेर काढून बाळाला गुंडाळण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ती दुपटी आधी धुऊन उन्हात घालावीत, आणि नवजात मुलाची कावीळ फार वाढली तर ही तपासणी करून घ्यावी. वाहक स्त्रियांच्या बाबतीत साधी तपासणी फसवी ठरते. निम्म्या पेशी चांगल्या असल्याने ती ‘ठीक’ म्हणते, उरलेल्या निम्म्या मात्र औषधाने फुटू शकतात.

रंगांधत्वाविषयी थोडक्यात. युरोपीय वंशाच्या पुरुषांत त्याचं प्रमाण 8 टक्क्यांच्या आसपास आहे, भारतात त्याहून कमी. मुलीला ते होण्यासाठी दोन्ही एक्स दोषी लागतात, म्हणून तिच्यातलं प्रमाण पुरुषांतल्या प्रमाणाच्या वर्गाइतकं, म्हणजे शेकड्यात एकाहूनही कमी. हा आजार म्हणावा का, असाच प्रश्न आहे. रेल्वेचं इंजिन चालवणाऱ्याच्या बाबतीत तपासणी कडक असावी हे योग्यच. पण अनेक ठिकाणी केवळ सवयीने दारं बंद केली जातात. पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटने एका रंगांध विद्यार्थ्याला चित्रपट संकलनाच्या अभ्यासक्रमाला प्रवेश नाकारला, तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि एप्रिल 2022 मध्ये न्यायालयाने संस्थेला रंगांध विद्यार्थ्यांसाठी सगळे अभ्यासक्रम खुले करायला सांगितलं. हा निकाल मला मोलाचा वाटतो.

आता आपल्या लग्नांकडे वळू. नात्यातल्या लग्नामुळे हिमोफिलिया झाला, असं अनेकांना वाटतं. मुलग्याच्या बाबतीत ते चुकीचं आहे. त्याला वडिलांकडून एक्स मिळतच नाही, मग वडील आईच्या नात्यातले असोत की परगावचे, फरक पडत नाही. सिकलसेल किंवा थॅलॅसेमियाचं गणित निराळं. तिथे दोन्ही पालकांकडून दोष यावा लागतो आणि नात्यातल्या लग्नाने धोका खरोखर वाढतो. पण महाराष्ट्रात अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्न पसंत केलं जातं, आणि लिंगसंलग्न आजार असलेल्या घरात नेमकं हेच लग्न विचार करायला लावणारं आहे. मामाला हिमोफिलिया असेल तर त्याची मुलगी शंभर टक्के वाहक. निरोगी भाच्याने तिच्याशी लग्न केलं तरी त्यांच्या मुलग्यांना निम्मा धोका. भाचाही आजारी असेल तर त्याच्या मुलींना त्याच्याकडून दोषी एक्स मिळणारच, आणि आईकडूनही मिळण्याची शक्यता निम्मी. म्हणजे इथे मुलींनाही तीव्र हिमोफिलिया होऊ शकतो. एरवी जे जवळजवळ घडत नाही, ते या एका नात्यामुळे शक्य होतं.

आणि आपल्या नोंदी? मराठी घराण्यांनी कष्टाने छापलेले कुलवृत्तांत आडनावाच्या मागे चालतात, बापाकडून मुलाकडे. ही वाट वाय गुणसूत्राची आहे. लेक लग्न होऊन दुसऱ्या आडनावात गेली की तिचं पान बहुधा संपतं, आणि तिच्याबरोबर एक्सवरचा दोषही नोंदीतून निसटतो. तीन पिढ्यांनी तो भलत्याच आडनावाच्या घरात उगवतो, तेव्हा ‘आमच्यात असं कधीच नव्हतं’ असं म्हणणारी माणसं खोटं बोलत नसतात. मावशीच्या नातवांची नावं त्यांना माहीतच नसतात.

घरगुती अंदाजांविषयीही बोलायला हवं. समजा आई वाहक आहे हे ठरलेलं आहे आणि मुलीला दोन निरोगी मुलगे झाले. सगळे म्हणतात, ही सुटली. गणित तसं सांगत नाही. आधी तिची वाहक असण्याची शक्यता निम्मी होती. दोन निरोगी मुलांनंतर ती पाचात एक उरते, तीन मुलांनंतर नवात एक. शून्य कधीच होत नाही, आणि तिच्या मुलींपर्यंत तो उरलेला धोका जातोच. हा अंदाज बांधण्याची आज गरजही नाही. आजारी मुलाच्या जनुकातला नेमका दोष एकदा सापडला की घरातल्या कोणत्याही स्त्रीच्या रक्तात तोच शोधून ‘आहे’ किंवा ‘नाही’ असं उत्तर देता येतं. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात असलेली राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था हे काम अनेक वर्षं करत आली आहे. क्रम मात्र महत्त्वाचा: आधी आजारी मुलगा, मग आई, मग मावश्या आणि बहिणी. ड्युशेनच्या घरांनी तर मुलाचा तपासणी अहवाल जिवापाड जपावा. मुलगा गेल्यानंतर त्याच्या बहिणीला त्याच कागदाचा आधार असतो.

गर्भाच्या तपासणीचा इतिहास आपल्यासाठी वेदनेचा आहे. 1960 मध्ये कोपनहेगनच्या रीस आणि फुक्स यांनी गर्भजलातल्या पेशींवरून गर्भाचं लिंग ओळखून दाखवलं, ते हिमोफिलियाच्या वाहक स्त्रियांसाठी. तेव्हा दोष शोधता येत नव्हता. मुलगा आहे एवढंच कळे, आणि गर्भपात केल्यास निम्मे मुलगे निरोगी असूनही जात. आजारी मुलगे जन्मू नयेत म्हणून आलेलं तेच तंत्र आपल्याकडे मुलींच्या जिवावर उठलं. मुंबईतल्या कार्यकर्त्यांच्या लढ्यानंतर 1988 मध्ये महाराष्ट्राने देशातला पहिला प्रतिबंधक कायदा केला, 1994 मध्ये केंद्राचा कायदा झाला. त्या कायद्यातही ज्या थोड्या कारणांसाठी गर्भाची तपासणी करता येते त्यांत लिंगसंलग्न आनुवंशिक आजार आहेत. म्हणजे नोंदणीकृत केंद्रात वारेचा सूक्ष्म नमुना किंवा गर्भजल घेऊन आजाराचं निदान करून घेणं कायदेशीर आहे, आणि ‘कायद्याने बंदी आहे’ असं सांगून जोडप्याला परत पाठवणं हा त्याच्यावर अन्याय आहे. गरोदरपणाच्या दहा-अकराव्या आठवड्यापासून हे करता येतं, मात्र घराचा दोष आधीच माहीत असेल तरच. पुढे काय करायचं हा त्या जोडप्याचा निर्णय. कोणी मूल ठेवतं आणि बाळंतपण सुसज्ज रुग्णालयात, चिमटा वा व्हॅक्यूम न लावता करून घेतं. त्यासाठीही आधी माहीत असणं उपयोगाचं.

कारण हिमोफिलियासह जगणं आज पूर्वीपेक्षा खूप वेगळं आहे. महाराष्ट्रासह अनेक राज्यांत सरकारी रुग्णालयांतून रक्त गोठवणारा घटक, म्हणजे फॅक्टर, मोफत मिळतो. 2017 पासून वापरात आलेलं एमिसिझुमॅब आठवड्याने किंवा महिन्याने कातडीखाली टोचलं तरी रक्तस्राव रोखतं. 2024 च्या अखेरीस वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या संशोधकांनी तीव्र हिमोफिलिया ‘ए’च्या पाच रुग्णांवर केलेल्या जनुकोपचाराचे निष्कर्ष प्रसिद्ध केले, रुग्णांच्याच मूळपेशींत चांगलं जनुक घालून त्या परत दिल्यावर त्यांचे रक्तस्राव थांबले होते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात हिमोफिलिया आणि मस्क्युलर डिस्ट्रॉफी दोन्ही आले, पण सरकारी नोकऱ्यांतल्या आरक्षणाच्या यादीत हिमोफिलिया नाही. ही उणीव दूर व्हायला हवी. आणि बऱ्या झालेल्या रुग्णाने एक लक्षात ठेवावं: उपचार रक्तातली उणीव भरून काढतो, शुक्राणूतला एक्स आहे तसाच राहतो. त्याच्या मुली वाहक असणारच.

तुमच्या घरात असा मुलगा असेल तर त्याच्या आईने तिच्या बहिणींना, मावश्यांना आणि त्यांच्या मुलींना फोन करावा, आणि वडिलांनी तिच्या पाठीशी उभं राहावं. लग्न ठरण्याच्या धास्तीने मुलींपासून हे लपवू नका. तपासणीला रक्ताचा एक नमुना पुरतो, आणि तो देण्याची योग्य वेळ गर्भ राहण्याआधीची आहे.